सात टक्क्यांतला एक टक्का

मे महिना. दुपारचे बारा वाजून गेलेत. डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून थोडं आत, दुय्यम निबंधक कार्यालयाच्या जिन्यात माणसं बसलीत. पायऱ्यांवर पाण्याच्या बाटल्या, हेल्मेटं, फायलींच्या पिशव्या. वर पंखे फिरतायत, पण वारा खुर्च्यांपर्यंत पोचत नाही. सगळ्यांचं लक्ष टोकनच्या आकड्याकडे. आकडा बदलला की एक कुटुंब उठतं आणि बाकीचे एकेक खुर्ची पुढे सरकतात.

कोपऱ्यात एक तरुण जोडपं. सोबत मुलाचे वडील. त्यांच्या मांडीवर कापडी पिशवी, आणि पिशवीच्या तोंडावर दोन्ही हात. आत दस्त आहे. आधार, पॅन, साक्षीदारांचे फोटो, सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स. एजंट येतो, उभ्या उभ्या पानं चाळतो.

"चलन लावलंय ना मागे?"

वडील चष्मा चढवतात. घर पन्नास लाखांचं, वन बीएचके, जुन्या इमारतीतलं. नुसत्या सुनेच्या नावावर घेतलं असतं तर शुल्कात एक टक्का सवलत मिळाली असती. पण कर्ज दोघांचं आहे, म्हणून दस्तही दोघांचा. चलनावर आकडा आहे साडेतीन लाखांचा. नोंदणी फी वेगळी. वडील बोटांवर हिशेब मांडतात. साडेतीन लाख म्हणजे सात टक्के. पाच टक्के मुद्रांक शुल्क. एक टक्का महापालिकेचा. सातवा उरतो.

"आणि हा एक कसला हो?"

"मेट्रो सेस, काका."

"म्हणजे पन्नास हजार मेट्रोला?"

"हो. मध्ये दोन वर्षं माफ होता. 2022 च्या एक एप्रिलपासून परत लागला."

काका आणखी काही विचारत नाहीत. चलनाची जुन्या घडीवर घडी घालतात आणि पिशवीत ठेवतात. मुलगा मोबाइलमध्ये बघतो, सून पदराने वारा घेते. शेजारचे एक गृहस्थ पुटपुटतात, "आमचेही गेले." तेवढ्यावर विषय मिटतो.

त्यांचा नंबर लागतो. अंगठा यंत्रावर. पहिल्यांदा उमटत नाही, घामाने बोट ओलं आहे. सून रुमाल पुढे करते. दुसऱ्यांदा उमटतो. मग फोटो. "इकडे बघा, कॅमेऱ्याकडे." वडील साक्षीदार म्हणून उभे राहतात, शर्टाची कॉलर नीट करतात. पाच-सात मिनिटांत सगळं आटोपतं. इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा, नंतर मिळेल.

खिडकीपाशी उभं राहून मी साधा गुणाकार करतो. असे 200 दस्त झाले की या एका टक्क्याचे एक कोटी रुपये होतात. कल्याण-डोंबिवलीत इमारती ज्या वेगाने उभ्या राहतायत, तो पाहता 200 दस्तांना फार दिवस लागत नसावेत. कायद्याने हा अधिभार शहरांतल्या मोठ्या वाहतूक प्रकल्पांसाठी घेतलाय. घर घेताना माणूस आयुष्यातली सर्वांत मोठी खरेदी करतो, आणि त्या खरेदीवर वाहतुकीसाठी कर भरून मोकळा होतो. डोंबिवलीकर अशा कामासाठी पैसे द्यायला तयार नाहीत, असं यापुढे कुणी म्हणू नये. दिलेत. या जिन्यात बसून दिलेत.

बाहेर ऊन. डांबर मऊ पडलंय, चप्पल किंचित चिकटते. मानपाडा रोडला सावली फक्त दुकानांच्या पत्र्याखाली. त्याच पट्ट्यातून सगळी गर्दी चालतेय, एकामागे एक. रिक्षावाल्यांनी हॉर्न सोडलेला नाही. कडेला एक बाई करवंदं आणि जांभळं घेऊन बसलीय. पानाचा द्रोण भरते, वर दोन जास्तीची टाकते.

इलेक्ट्रिकच्या दुकानात पंख्यांचाच महिना चाललाय. एक टेबल फॅन खोक्यातून बाहेर काढून लावून दाखवतायत. गिऱ्हाईक समोर उभं राहून डोळे मिटून वारा घेतं आणि म्हणतं, "द्या हाच." बिल छापून येतं. मी वाकून बघतो. पंखा दोन हजारांचा. खाली दोन ओळी. सीजीएसटी नऊ टक्के, 180. एसजीएसटी नऊ टक्के, 180. अर्धा केंद्राचा, अर्धा राज्याचा. डोंबिवलीच्या नावाची तिसरी ओळ त्या बिलावर नाही.

ती एकेकाळी होती, फक्त बिलावर दिसत नसे. गावात येणाऱ्या मालावर जकात लागायची. मग जकात गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला. 1 ऑगस्ट 2015 पासून बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटीही माफ झाला. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि मालावर स्वतःचा कर घेण्याची महापालिकेची वाट कायमची बंद झाली. त्या बदल्यात राज्य सरकार नुकसानभरपाई देतं. 2017 च्याच कायद्याने ती दरवर्षी आठ टक्क्यांनी वाढते. महापालिकेच्या तिजोरीत येणारा हा मोठा आणि भरवशाचा पैसा. पगार त्यातून, कचरा त्यातून, रस्ते त्यातून. आणि परिवहन सेवेला तोटा भरून काढायला जे अनुदान मिळतं, तेही याच तिजोरीतून, सगळ्यांची गरज भागल्यावर.

गल्ल्यावरचे शेठ बिल फाडून देतात. वय साठीपुढचं. जकातीचा काळ त्यांनी पाहिलाय. "नाक्यावर ट्रक अडकायचे," ते सांगतात. "रात्र रात्र. आता ते नाही, हे बरं झालं." मी विचारतो, या करातले दोन-चार रुपये इथल्या बसला मिळाले तर? ते क्षणभर थांबतात. "मिळाले तर चांगलंच. माझी दोन पोरं कामाला येतात ती लोढ्याकडून येतात. रोज उशीर. पण मिळाले ते कळणार कसं?"

त्यांनी नेमकं तिथेच बोट ठेवलंय. अमेरिकेत लॉस एंजेलिस परगण्यात लोकांनी विक्रीकरात अर्धा अर्धा टक्का वाढ स्वतः मतदान करून मान्य केली. 1980, 1990, 2008 आणि 2016, अशी चार वेळा. एकूण दोन टक्के, सगळे वाहतुकीसाठी. 2016 च्या प्रस्तावाला दोन तृतीयांश मतं लागणार होती, सत्तर टक्क्यांहून जास्त पडली. मतपत्रिकेआधी लोकांच्या हातात कामांची यादी होती: कुठली रेल्वे, कुठली बस, कुठल्या वर्षी. त्यातला ठरलेला हिस्सा थेट त्या त्या गावाला जातो, तिथल्या रस्त्यांसाठी आणि बससाठी. खर्चावर नजर ठेवायला वेगळी समिती. या दुकानातल्या पंख्यावर तो कर लागला असता तर दोन हजारांमागे चाळीस रुपये झाले असते. रक्कम मोठी नाही. पण ती कुठे गेली हे शेठजींना विचारता आलं असतं, आणि कुणाला तरी उत्तर द्यावं लागलं असतं.

दुपारचे चार. सीएनजी पंपावर रिक्षांची रांग. पंपाच्या फाटकातून बाहेर पडून ती रस्त्याच्या कडेने वळलीय आणि पुढच्या सोसायटीच्या गेटपर्यंत गेलीय. मागच्या सीटवर पाय बाहेर काढून एक जण झोपलाय, तोंडावर नॅपकिन. दुसरा टायरला लाथ मारून हवा बघतो. तिसरा खाली उतरलाय आणि गाडी हाताने ढकलत दोन फूट पुढे घेतोय. इंजिन चालू केलं तर तेवढाच गॅस जातो.

"प्रेशर आहे का?"

"आहे, पण कमी. अर्धीच भरतेय."

अर्ध्या टाकीवर संध्याकाळचा धंदा होत नाही, मग रात्री पुन्हा हीच रांग. सीएनजीवरचा मूल्यवर्धित कर साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आला तो 1 एप्रिल 2022 पासून. म्हणजे घर घेणाऱ्याला एक टक्का ज्या दिवशी परत लागला, त्याच दिवशी रिक्षावाल्याच्या गॅसवरचे साडेदहा टक्के कमी झाले. रिक्षावाले ते मान्य करतात. "फरक पडला होता," एक जण म्हणतो. "पण नंतर गॅसचाच भाव वाढला."

शेजारच्या पंपावर पेट्रोल. तिथे दुचाकी. पेट्रोलवर राज्याचा कर 25 टक्के, शिवाय लिटरमागे 5 रुपये 12 पैसे. डिझेलवर 21 टक्के. पेट्रोल आणि डिझेल जीएसटीच्या बाहेर ठेवलेत, त्यामुळे जुन्या विक्रीकराची धार अजून इथेच उरलीय. 2024 च्या जुलैपर्यंत मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईत हे दर आणखी चढे होते. आता सगळीकडे सारखे. 2015 च्या दुष्काळात लिटरमागे दोन रुपये वाढवले होते. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला, ते दोन रुपये काही उतरले नाहीत. नाव दुष्काळाचं होतं, पैसे राज्याच्या एकत्रित निधीत गेले. एका कामाचं नाव सांगून घेतलेला पैसा त्या कामाच्या खात्यात बंद केला नाही की असंच होतं.

पालिकेची एक बस समोरून जाते. डिझेलची. मागच्या बाजूला काळा धूर, खिडकीच्या काचा थरथरतायत. ही बसही डिझेलवर 21 टक्के भरते. तोट्यात चालणारी गाडी राज्याला कर देते आणि महापालिकेकडे अनुदान मागते. हिशेबाची ही वाट मला आजवर पटलेली नाही.

साडेसहा. डोंबिवली स्टेशन. मुंबईहून येणाऱ्या गाड्या आता एकामागे एक लागतायत. फलाटावर उभं राहिलं की आधी रूळ वाजतात, मग हेडलाइट दिसतो. फास्ट लोकल थांबायच्या आधीच दारातली पहिली फळी उतरते. मागून दुसरी, तिसरी. दहा-पंधरा सेकंद माणसं बाहेर पडतच राहतात. बॅगा पुढे, छातीशी. शर्टाची पाठ ओली. कुणी बोलत नाही. सगळ्यांचे पाय जिन्याकडे वळलेले.

जिन्याच्या तोंडाशी गर्दी आवळते. एक पायरी, थांबा, एक पायरी. सरकत्या जिन्यासाठी वेगळी रांग. वर पुलावर वारा लागतो, पण थांबायला जागा नाही. या माणसांच्या खिशातल्या पासातही वाहतूक प्रकल्पाचा अधिभार मिसळलेला आहे, मुंबईतल्या उपनगरी रेल्वेच्या सुधारणेसाठी बऱ्याच वर्षांपासून घेतला जाणारा. त्यातून काही कामं डोळ्यांना दिसतात. ठाणे ते दिवा पाचवी-सहावी मार्गिका 2022 च्या फेब्रुवारीत सुरू झाली. उशिरा झाली, पण झाली. पैसा कशासाठी घेतला आणि काय बांधलं, हे रुळावर बोट ठेवून दाखवता येतं.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून इथपर्यंत 48 किलोमीटर. हे अंतर फास्ट लोकल ज्या वेळात तोडते तो वेळ डोंबिवलीकराला पाठ असतो. खाली उतरल्यावरचे तीन-चार किलोमीटर किती वेळ खातील, याचा अंदाज मात्र कुणालाच देता येत नाही.

पूर्वेला उतरलं की आवाज बदलतो. "निवासी, मिलापनगर, दोन सीट!" "गांधीनगर, पी अँड टी!" "लोढा एक, लोढा एक!" रिक्षांच्या रांगा, आणि रिक्षांसाठी माणसांच्या रांगा. मीटरचं किमान भाडं फेब्रुवारी 2025 पासून 26 रुपये आहे, पण या वेळी इथे मीटर पडत नाही. सगळं शेअर. तीन मागे. चौथा ड्रायव्हरच्या बाजूला, एक पाय आत, एक पाय बाहेर, हात वरच्या दांडीला. रांगेतल्या माणसाला चौथा होणं धोक्याचं आहे हे कळतं. तरी तो बसतो, कारण घरी मूल पाळणाघरात आहे आणि पाळणाघर साडेसातला बंद होतं.

बाजीप्रभू चौकाकडे बसची रांग. इथे ओरडणं नाही, इथे वाट बघणं आहे. दहा-बारा बायका, दोन म्हातारे, क्लासची पोरं, एक नर्स, पांढऱ्या बुटांवरून ओळखू येणारी. आजींच्या हातात भाजीची जड पिशवी. त्या पिशवी जमिनीवर ठेवत नाहीत, दोन्ही हातांत आलटून पालटून घेतात.

"निवासीची गेली का हो?"

"आत्ताच गेली म्हणे."

"पुढची कधी?"

"सांगता येत नाही, आजी. येईल."

नर्स मोबाइल काढते, ठेवते, पुन्हा काढते. रिक्षाने गेली तर आत्ता घरी पोचेल. पण रोज दोन्ही वेळा रिक्षा परवडत नाही. महिन्याचे तीस दिवस गुणून बघितलेत तिने. "बस स्वस्त आहे," ती म्हणते, "फक्त ती दिसली पाहिजे."

केंद्र सरकारचा मापदंड आहे, शहरातल्या दर हजार लोकांमागे 0.6 बस. लाखाला साठ. 2011 च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख होती. म्हणजे तेव्हाच्याच हिशेबाने साडेसातशे बस हव्यात. त्यानंतर कल्याण-शीळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जी शहरं उभी राहिली ती वेगळीच. इथे धावणाऱ्या बस त्या साडेसातशेच्या पाव भागाइतक्याही नाहीत. आजींना हा आकडा माहीत असण्याचं कारण नाही. तो त्यांना हातातल्या पिशवीच्या वजनात कळतो.

बस येते. कुणी धक्काबुक्की करत नाही, फक्त रांग अचानक आखूड होते. आजींना आधी चढू देतात. पायरी उंच आहे. मागून एक मुलगा पिशवी घेतो, पुढून कंडक्टर हात देतो. "या आजी. पुढे सरका हो, मध्ये जागा आहे. सुट्टे काढून ठेवा." बस भरते. सीट संपतात, दांड्या संपतात, मग एकमेकांचे खांदे. वीसेक रिक्षांत मावतील एवढी माणसं या एका गाडीत मावलीत, आणि रस्त्यावर जागा लागली ती त्यांच्यापेक्षा कितीतरी कमी. बाहेरची कोंडी बघताना हे गणित नीट दिसतं.

डबल बेल. गाडी हलते. कंडक्टर यंत्रातून तिकीट काढतो. बोटाएवढा कागद, फिकट जांभळी अक्षरं. घामाच्या बोटात धरला की ती पुसट होत जातात. या तिकिटाच्या पैशांतही कर आहे. 1958 च्या कायद्यापासून प्रवासी कर चालत आलाय. एसटीच्या तिकिटावर साडेसतरा टक्के, शहरातल्या बसवर साडेतीन. म्हणजे बसमध्ये चढणारी आजी राज्याला कर देते. बसला डिझेल भरताना परिवहन सेवा कर देते. आणि ज्या कराच्या नावातच वाहतूक आहे, तो घराच्या दस्तावर जमा होतो आणि मेट्रोच्या खांबांपाशी जातो. या गाडीच्या रोजच्या फेरीला त्यातलं हक्काचं असं काही नाही.

टिळकनगर मागे पडतं. चार रस्त्यावर सिग्नल नाही, हवालदार आहे. शिट्टी, हात, पुन्हा शिट्टी. बस थांबते. इंजिनाची धग पुढच्या सीटवरून मागे येते. खिडकीशी बसलेल्या मुलाच्या कपाळावर घामाचे थेंब. तो वहीने वारा घेत पाठांतर करतोय, ओठ हलतायत. ड्रायव्हर बाटलीतलं पाणी मानेवर ओततो. शेजारच्या रिक्षातला चौथा प्रवासी आमच्या टायरपासून वीतभर लांब.

कंडक्टरला जरा सवड मिळते. नोकरीला लागून बरीच वर्षं झालीत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ही सेवा सुरू झाली तेव्हा लोक हौसेने बसत, तो सांगतो. "गाड्या मिळतात हो," तो म्हणतो. "गाड्या मिळाल्या की फोटो निघतात. पण ड्रायव्हर लागतो, टायर लागतो, क्लच प्लेट लागते. त्याला पैसे कोण देणार?" हे एकट्या डोंबिवलीचं नाही. केंद्राच्या जुन्या शहर योजनेतून देशातल्या अनेक गावांना नव्या कोऱ्या बस मिळाल्या आणि काही वर्षांत डेपोत उभ्या राहिल्या. 2023 च्या ऑगस्टमध्ये मंजूर झालेल्या दहा हजार इलेक्ट्रिक बसच्या योजनेत ही चूक ओळखलेली दिसते. तिच्यात गाडी धावेल त्या प्रत्येक किलोमीटरमागे दहा वर्षं पैसे द्यायची तरतूद आहे. पण दहा वर्षांनंतर? आणि ज्या मार्गावर प्रवासी थोडे, पण म्हातारे आणि शाळकरी आहेत, त्या मार्गाचं काय? त्यासाठी गावाचा स्वतःचा, दरवर्षी येणारा पैसा लागतो. दुपारी जिन्यात जमा होत होता तो अगदी तसाच आहे. घरं विकली जातात तोवर तो येत राहणार.

घरडा सर्कल. इथून हवा बदलते. औद्योगिक वसाहतीचा तो ओळखीचा वास नाकात शिरतो; जुने लोक त्याकडे लक्ष देत नाहीत, नवा माणूस रुमाल काढतो. निवासी विभागात बस रिकामी होऊ लागते. आजी उतरतात. पिशवी मुलगा खाली देतो. "जपून." नर्स पुढच्या थांब्याला. मी तिथून रिक्षाने शीळ रस्त्याला जातो.

कल्याण-शीळ रस्ता. रात्रीचे आठ. ट्रक, टँकर, कंपन्यांच्या बस, मोटारी, सगळ्यांचे लाल दिवे काटईपर्यंत. रस्त्याच्या मधोमध पत्रे लावलेत. पत्र्यांच्या वर मेट्रोचं काम चाललंय. कल्याण ते तळोजा, मेट्रो 12, सुमारे 21 किलोमीटर. 2024 च्या मार्चमध्ये भूमिपूजन झालं. क्रेनचा दिवा वर, खाली पिवळी हेल्मेटं घातलेले कामगार. वेल्डिंगची ठिणगी पडते आणि क्षणभर शेजारच्या टॉवरच्या खिडक्या उजळतात. कुणीतरी दुपारी भरलेले पन्नास हजार इथे आले असतील, अशी माझी समजूत. काम चालू आहे, हे बघून बरं वाटतं. ही मेट्रो हवीच आहे. तळोजा आणि नवी मुंबईकडे नोकरीला जाणाऱ्यांचा वेळ ती वाचवेल.

पण ही मेट्रो डोंबिवली स्टेशनला येत नाही. एमआयडीसी, सागाव, सोनारपाडा, मानपाडा, निळजे अशी ती शीळ रस्त्याने निघून जाते. तिच्या स्थानकापर्यंत रामनगरच्या, आयरेच्या किंवा पश्चिमेला मोठागावच्या माणसाने यायचं कसं? बसने. जी रांगेतल्या आजींना आज दिसत नव्हती त्या बसने. खांब उभे राहिले आणि खालची बस तशीच राहिली, तर स्थानकाच्या जिन्याशी पुन्हा तेच ओरडणं असेल, एक सीट, एक सीट, आणि तोच चौथा प्रवासी एक पाय बाहेर काढून बसलेला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की नवा कर नको. आहे त्याच एका टक्क्यातला ठरलेला हिस्सा कायद्याने शहराच्या बससाठी बांधून द्यावा आणि तो परिवहनच्या स्वतंत्र खात्यात थेट पडावा. 12 मीटरची एक इलेक्ट्रिक बस कोटीच्या वर जाते, आणि ती चालवायचा खर्च दर महिन्याला असतो. दोन्हींना पुरेल अशी वाट सापडली आहे, ती फक्त थांब्याकडे वळवायची आहे. गेल्या वर्षी डोंबिवलीतून किती जमले, किती फेऱ्या वाढल्या, हे वर्षातून एकदा याच बाजीप्रभू चौकात फलकावर लिहावं.

शीळ रस्त्याच्या कडेला उभी असलेली दोन मुलं ॲपवर रिक्षा शोधतायत. मिळत नाही. मागून पालिकेची एक बस येते, पाटी विझलेली, डेपोकडे परत निघालेली. मुलं हात करतात. ड्रायव्हर हातानेच नाही म्हणतो.

महापालिकेचा अर्थसंकल्प दरवर्षी मार्चअखेरपर्यंत ठरतो. परिवहनचं अंदाजपत्रक वेगळं मांडलं जातं. ज्यांनी या शहरात घर घेतलंय, त्यांनी त्याआधी एक प्रश्न लेखी विचारावा. आमच्या शहरातल्या दस्तांमधून वाहतुकीच्या एका टक्क्याचे वर्षाला किती रुपये जमले, आणि त्यातले किती आमच्या बसपर्यंत आले? माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं. उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं.